सासिमाची नेमणूक

धर्मगुरूंच्या परस्परमैत्रीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा फार गुळगुळीत असते. एकाकी, व्रतस्थ आयुष्यात त्याच वाटेवरच्या मित्राचा आधार हवा, हे खरेच. पण त्या दोघांतला एक जण दुसऱ्याचा वरिष्ठ झाला म्हणजे काय होते, या प्रश्नाशी ही लेखणी अडखळते. चौथ्या शतकातील कप्पादोकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, घडलेली बासिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांची कथा त्यासाठी वाचायला हवी.

दोघे अथेन्समधले सहाध्यायी. पुढे बासिलने पोंतस प्रांतात एकांतवासासाठी जागा निवडली आणि तिचे रमणीय वर्णन करणारे पत्र ग्रेगरीला धाडले. ग्रेगरी तिथे राहून आला आणि त्याने त्या रमणीयतेची यथेच्छ टर उडवली : भाजीपाल्याविना मळा, दात घसरावेत असा पाव, दोघांनी स्वतः ओढलेली गाडी, बासिलच्या आईने अन्न पुरवले म्हणून जीव वाचला! आधाराविषयी एकही गंभीर वाक्य न लिहिता एकमेकांना सावरणारी ही पत्रे मला त्यांच्या धर्मशास्त्रीय ग्रंथांहून अधिक बोलकी वाटतात. इ. स. ३६१च्या सुमारास ग्रेगरीच्या वडिलांनी (ते स्वतः बिशप होते) त्याच्यावर गुरुदीक्षा लादली, तेव्हा तो पळून गेला तो बासिलकडेच. नंतर बासिलचे आपल्या बिशपांशी बिनसले, तेव्हा समेटासाठी ग्रेगरीने शब्द खर्ची घातला.

३७० मध्ये बासिल केसरियाचा बिशप झाला. दोनेक वर्षांत सम्राट वालेन्सने प्रांत दुभागला आणि नव्या अर्ध्या भागातल्या त्याना शहराचा बिशप अंथिमस धार्मिक अधिकारातही वाटा मागू लागला. आपले क्षेत्र राखण्यासाठी बासिलने भरवशाची माणसे पेरायला सुरुवात केली. धाकट्या भावाला निस्सा दिले, आणि मित्राला सासिमा. ग्रेगरीने आपल्या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यात या गावाला अजरामर केले आहे : तीन रस्ते जिथे मिळतात असा टप्पा, ना पाणी ना हिरवळ, नुसती धूळ आणि गाड्यांचा गोंगाट. तिथला बिशप म्हणून तो कधी नांदलाच नाही.

बासिलच्या बाजूने बोलता येते. सम्राट विरोधी पंथाचा होता, संघर्ष खरा होता, आणि अशा वेळी माणूस परक्यांवर विसंबत नाही. परंतु नेमके इथेच बोट ठेवायला हवे. बासिलने मित्राकडे काही मागितले नाही, त्याची नेमणूक केली. मागितले असते तर ग्रेगरीला नाही म्हणता आले असते; मैत्रीत तेवढी मोकळीक गृहीतच असते. ज्याच्या हाती बदलीचा हुकूम आहे त्याच्याशी मन मोकळे करणे किती अवघड असते, हे आपणा प्राध्यापक मंडळींना वेगळे सांगायला नको. धर्मगुरूच्या बाबतीत ते अधिकच अवघड, कारण तिथे आज्ञापालन हे व्रतच असते आणि दुखावल्याची तक्रारही अवज्ञा ठरू शकते.

बासिलच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ग्रेगरीने त्याच्यावर दीर्घ गौरवभाषण रचले. स्तुतीत कुठेही हात आखडता घेतलेला नाही, आणि तरीही भर भाषणात सासिमाचा सल उघड सांगितला आहे. काळाने ते दुःख भरून आले नाही, असेही म्हटले आहे. श्रद्धांजलीत हे अनुचित वाटेल. मला मात्र वाटते, आयुष्यभर ज्याच्याशी तो मनातले बोलत आला, त्याच्याशी मरणोत्तर औपचारिक होणे त्याला जमले नाही. निव्वळ वरिष्ठ गेला असता तर चार गोड वाक्यांवर भागले असते.

१९६९च्या सुधारणेपासून कॅथलिक पंचांगात दोघांचा स्मृतिदिन एकत्र, २ जानेवारीला येतो. त्या दिवशीच्या प्रार्थनाग्रंथात वाचनासाठी उतारा आहे तो याच भाषणातला. अथेन्सच्या दिवसांचा. सासिमापर्यंत तो पोहोचत नाही.