‘जुना झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

माझी शाळा कॉन्व्हेंट आणि घर मलकापूरचं. म्हणजे प्रार्थना इंग्रजीत आणि भांडण मराठीत! आज थोडं भांडायचंच आहे, म्हणून मराठी विभागात आले.

भांडण एका शब्दाशी आहे : ‘जुना’. होस्टेलवर कुणाचा लॅपटॉप रेंगाळायला लागला की आपण निकाल देऊन मोकळे. “अगं, जुना झालाय तो, नवीन घे.” सिव्हिलवाल्यांना भिंतीची भेग दाखवा, ते आधी पाया खचलाय का, ओल आलीय का ते बघतील. मग लॅपटॉप समोर आला की आपण सगळे इंजिनिअर एकदम दुकानदारासारखे का बोलतो?

पहिली गोष्ट, प्रोसेसर म्हणजे काही सायकलची चेन नव्हे. त्यात झिजणारा, हलणारा भाग नाही. पाच वर्षांपूर्वी २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी चिप आज ०.७८ वर आली असेल, तर बहुतेक वेळा ती थकलेली नसते. तिला कुणीतरी ब्रेक लावलेला असतो! आणि ब्रेक लावण्यामागे कारण असतं. चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात खर्च होते, हे आपण पेपरात लिहितोच. म्हणून उष्णता वाढली किंवा वीज अपुरी वाटली की यंत्रणा दोन्ही खाली आणते आणि स्वतःला वाचवते. आपण मात्र त्यालाच म्हातारपण म्हणतो.

माझ्या रूममेटचंच बघा. तिचा लॅपटॉप ०.७८ च्या वर जाईना. शहरातल्या एका दुकानात ‘प्रोसेसर गेला, नवीनच घ्या’ असं सांगितलं. घरी नव्या लॅपटॉपसाठी म्हैस विकायची बोलणी सुरू झाली. ज्यांच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गणपतीच्या सुट्टीत ती माझ्याबरोबर मलकापूरला आली. तिथे बाजारात पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी स्क्रू काढायच्या आधी विचारलं, “चार्जर कुठला लावतीस? पहिला सप्लाय बघायचा, मग पार्ट.”

चार्जर भलताच निघाला. लॅपटॉपला हवा ६५ वॅटचा, हा होता ४५ चा, तोही दुसऱ्या कंपनीचा. अनेक लॅपटॉप चार्जर ओळखीचा आहे का हे तपासतात. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम कमी ठेवतात. योग्य चार्जर लावला आणि आकडा दोनच्या वर गेला. म्हैस गोठ्यातच राहिली!

काकांकडे डिग्री नाही, पण क्रम आहे. मला वाटतं, आपल्याकडे नेमका तोच नाही. म्हणून हा क्रम भिंतीवर लावा. टास्क मॅनेजर उघडून आधी आकडे बघा. वेग कायमचा ०.८ च्या आसपास अडकलाय? चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवा. वेग वाढला तर संशय चार्जरवर. सुरुवातीला बरा आणि दहा मिनिटांनी मंद? मग उष्णता. पंख्यात धूळ आणि गादीचा कापूस असतो, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. (लॅपटॉप गादीवर ठेवून सिनेमा बघणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) वेग ठीक आहे, पण मेमरी ९० टक्क्यांवर? रॅम कमी पडतेय. आणि डिस्क सतत १०० टक्के? मग फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. प्रोसेसर बिचारा तिचीच वाट बघत बसलेला असतो.

आता दुसरी बाजूही मान्य करते. काही वेळा यंत्र खरंच मागे पडतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाही. पण तिथेही दोष वेगाचा नाही, नियमाचा आहे. असा लॅपटॉप लिनक्सवर सी प्रोग्रॅमिंग, पायथॉन, रिपोर्ट, सगळं निमूट करतो. जड थ्रीडी मॉडेलिंग नाही जमणार, त्यासाठी कॉलेजची लॅब आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण हक्क मिळून काय उपयोग, हातात स्क्रू ड्रायव्हर धरायची सवयच नसेल तर?

म्हणून एक मागणी. होस्टेलवर एक कपाट द्या. त्यात स्क्रू ड्रायव्हरचा संच, ब्लोअर, थर्मल पेस्ट आणि तपासणीसाठी दोन-तीन वेगवेगळे चार्जर. शनिवारी तासभर इलेक्ट्रॉनिक्सच्या सीनियर्सनी बसावं. खर्च एका गॅदरिंगच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी! सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच, की ‘नवीन लॅपटॉप आणा’ असं वर्गात म्हणण्याआधी ‘टास्क मॅनेजर दाखव’ असं म्हणा. समोरच्या मुलाच्या घरी त्या एका वाक्यावर काय विकायला निघेल, हे वर्गात बसून दिसत नाही.

आणि तुम्ही, हो तुम्हीच, ‘जुना झालाय’ म्हणण्याआधी निदान चार्जरवरचे वॅट तरी वाचा.