मोरघारीची अंडी का पिचली?

मंडळी, तुमच्या गावाजवळ धरण, मोठा तलाव किंवा खाडी असेल, तर दिवाळीनंतर पाण्याकडे जरा लक्ष ठेवा. घारीएवढा एक पक्षी दिसेल. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरेस्वच्छ आणि डोळ्यावरून मागे गेलेला काळा पट्टा. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत तो थांबतो आणि मग पाय पुढे करून दगडासारखा खाली येतो. वर उठतो तेव्हा पंजात मासा असतो, आणि माशाचे तोंड नेमके पुढच्या दिशेला धरलेले असते, म्हणजे वारा कमी लागावा! ही मोरघार. इंग्रजीत हिला ऑस्प्रे म्हणतात. मासा हेच हिचे अन्न.

उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांवर ती हिवाळा काढायला येते आणि ऊन तापू लागले की उत्तरेकडे निघून जाते. त्यामुळे तिचा संसार आपल्या नजरेस पडत नाही. पण हीच जात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या संख्येने घरटी करते. तिथल्या घरट्यांत एकदा असे काही घडले की ते फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. म्हणून आज तिकडची हकिकत.

तिकडे मार्चमध्ये थंडी ओसरू लागते आणि मोरघारी दक्षिण अमेरिकेतून परततात. बहुधा जुनी जोडी जुन्याच घरट्यावर येते. घरटे म्हणजे काटक्यांचा मोठा भारा. दर वर्षी त्यावर नव्या काटक्यांची भर पडते. एप्रिलअखेर मादी दोन-तीन अंडी घालते, तीही एक-दोन दिवसांच्या अंतराने. आपली कोंबडी २१ दिवसांत पिले काढते. मोरघारीला मात्र पाच आठवड्यांहून जास्त बसावे लागते. बहुतेक वेळ मादीच बसते. नर मासे आणून तिला पोसतो, आणि ती खायला उठली की तेवढ्यापुरता स्वतः अंड्यांवर बसतो.

पहिल्या अंड्यापासूनच ऊब मिळू लागते, म्हणून पिलेही मागेपुढे निघतात. थोरले आधी, धाकटे मागाहून. आता नराची खरी कसोटी लागते. बायको आणि पोरे मिळून चार-पाच तोंडे आणि कमावता एकटा! दिवसाला पाच-सहा मासे आणावे लागतात. बहुधा माशाचे डोके तो आधी स्वतः खातो आणि बाकीचा मासा घरी देतो. मादी त्याचे बारीक तुकडे करून पिलांच्या चोचीत घालते, आणि ऊन चढले की पंख पसरून त्यांच्यावर सावली धरते. मासे भरपूर असले तर तिन्ही पिले वाढतात. तुटवडा पडला की थोरले आधी खाते आणि धाकटे उपाशी मरते.

सात-आठ आठवड्यांत पिले उडू लागतात. मासे धरणे त्यांना कोणी शिकवीत नाही, ते आपले आपण शिकतात. तोवर बाप आणून देतोच. आधी आई दक्षिणेला निघते. बाप आणखी काही दिवस पोरांना पोसतो. मग एके दिवशी न पाहिलेल्या वाटेने ती पोरे एकटीच हजारो कोस उडून जातात. त्यातली बरीच पहिल्या वर्षातच दगावतात. जी जगतात, ती दोन-तीन वर्षांनी जन्मगावी परततात. साधारणपणे वर्षातून एकदाच अंडी आणि तीही दोन-तीनच. अशा हिशेबात अंडी वाया गेली, तर वंश कसा टिकायचा?

नेमके तेच घडले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या टोकाशी गार्डिनर्स नावाचे बेट आहे. १९४८ साली तिथे मोरघारींची सुमारे ३०० घरटी होती. १९६६ साली पन्नासेक उरली, आणि त्या साऱ्यांत मिळून जेमतेम चार पिले उडाली. शेजारच्या कनेक्टिकट नदीच्या मुखाशीही तीच गत. जोड्या परतत होत्या, अंडी घातली जात होती, पण ती पिचत होती किंवा उबतच नव्हती.

दोष कोणाचा? मासे कमी झाले होते का? माणसांच्या वर्दळीने मादी उठून जात होती का? आता हा प्रश्न तुमच्या घरातल्या गृहिणीला विचारा. खुडूक कोंबडीखालची अंडी निघाली नाहीत, तर दोष कोंबडीचा की अंड्याचा, हे ती कसे ओळखेल? दुसऱ्या घरची चांगली अंडी तिच्याखाली ठेवून पाहील! पॉल स्पिट्झर नावाच्या तरुणाने १९६८-६९ मध्ये हेच केले. दक्षिणेला मेरिलँड राज्यात मोरघारींची अंडी त्या मानाने बरी निघत होती. तिथली अंडी आणून त्याने कनेक्टिकटच्या घरट्यांत ठेवली. ती नेहमीसारखी उबली आणि त्याच आईबापांनी पिले वाढवली. कनेक्टिकटची अंडी मेरिलँडच्या घरट्यांत ठेवली, ती मात्र तिथेही फारशी निघाली नाहीत. आई चांगली होती, बापही चांगला होता. खोट अंड्यात होती.

अंड्यात ती आली कुठून? किनाऱ्यावरच्या दलदलीत डास मारण्यासाठी वर्षानुवर्षे डीडीटी फवारले जात होते. हे औषध लवकर विरत नाही, ते चरबीत साठते. पाण्यातल्या बारीक जीवांत थोडे, ते खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, मोठ्या माशात आणखी जास्त, आणि रोज मासे खाणाऱ्या मोरघारीत सर्वांत जास्त. मादी त्याने मरत नव्हती. तिच्या अंगात कवचाला लागणारा चुना नीट बसत नव्हता. कवच पातळ व्हायचे आणि आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडे पिचायचे.

१९६६ साली लाँग आयलंडची काही जाणती मंडळी डीडीटीविरुद्ध कोर्टात गेली. गार्डिनर्स बेटावरची घरटी मोजणारे डेनिस पुलस्टन त्यांत होते. तिथली फवारणी थांबली. १९७२ साली अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले. लोकांनी पाणथळीत खांब रोवून वर फळ्यांची माचणे बांधली. हळूहळू कवचे पुन्हा जाड झाली, आणि आज त्या किनाऱ्यावर पुन्हा शेकडो घरटी नांदत आहेत.

आपल्याकडे शेतीतले डीडीटी १९८९ साली बंद झाले. आताची औषधे वेगळी आहेत, त्यांचे गुणदोषही वेगळे. पण शेतातून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात ही पाण्याची वाट जुनीच आहे. कापसावर मारतात ते सायपरमेथ्रिन माशांना फार जहाल असते. तेव्हा फवारणी झाल्यावर पंप ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा गुरांच्या हौदाशी धुऊ नका. धुवण शेतातच, पाण्यापासून लांब जिरवा. रिकामे डबे पाण्यात टाकू नका आणि घरात कशालाही वापरू नका. पाऊस भरून आला असेल तर त्या दिवशी औषध मारू नका; औषधही जाते आणि पैसाही.

औषध मारणाऱ्याला वाटते, आपण किडीवर मारले. ते पुढे कोणाच्या घरट्यात पोचले, हे त्याला दिसत नाही. मोरघारीच्या अंड्यांनी ते दाखवून दिले. त्याच पाण्यातला मासा आपल्याही ताटात येतो, एवढे ध्यानात ठेवा. आणि येत्या हिवाळ्यात धरणावर ती दिसली, तर पोराबाळांना हात धरून दाखवा. लांबची पाहुणी आहे.