पाकिटातील शेवया आणि सभामंडपातील निवाडा

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातील एका देवळाच्या सभामंडपात आहारशुद्धीवर व्याख्यान झाले, त्यास आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. वक्ते व्यासंगी होते, वाणी ओघवती होती आणि विषय कोणासही पटावा असाच होता. परंतु बोलता बोलता त्यांची गाडी घराघरांतील नूडल्सवर आली आणि तेथे त्यांनी एक निकाल देऊन टाकला. जी माउली आपल्या लेकरापुढे पाकीट फोडून ठेवते तिने अन्नपूर्णेचा वारसा सोडला, आणि त्यात दोन भाज्या घालून जी ते सजविते ती तर स्वतःसच फसविते, असा त्याचा आशय होता. पुढच्या रांगांतील पुरुषमंडळींनी टाळ्या वाजविल्या. मागे बसलेल्या स्त्रियांपैकी कोणी काही बोलले नाही.

आम्ही वकिली करून पोट भरतो. आरोपीस बोलू न देता दिलेला निकाल ऐकण्याची आमच्या कानांस सवय नाही. म्हणून त्या मागच्या रांगेचे वकीलपत्र, त्यांनी मागितले नसताही, आम्ही आज घेत आहोत. आमच्याही घरी हा पदार्थ होतो, हे आरंभीच कबूल करतो, म्हणजे आमच्या निःपक्षपाताविषयी कोणाचा गैरसमज व्हावयास नको.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय ते पाहू. तैवानात जन्मलेले आणि जपानात स्थायिक झालेले मोमोफुकु अंदो यांनी १९५८ साली ओसाकाजवळील इकेदा गावी तो सिद्ध केला. गव्हाच्या पिठाच्या शेवया वाफवावयाच्या, मग तेलात तळून त्यांतील पाणी घालवावयाचे, म्हणजे त्या टिकतात आणि उकळत्या पाण्यात लगेच मऊ होतात, एवढीच ती युक्ती. युद्धाने पोळलेल्या देशातील भुकेची रांग त्यांनी पाहिली होती. ती स्मृती या शोधाच्या मुळाशी होती. हिंदुस्थानात दोन मिनिटांच्या नावाने मॅगी आली ती १९८३ साली. दोन मिनिटांचा हिशेब पाणी उकळल्यानंतर सुरू होतो, हे मात्र प्रत्येक गृहिणी जाणते.

वक्त्यांनी २०१५ सालच्या बंदीचा दाखला दिला, पण अर्धाच दिला. अर्धा दाखला हा आमच्या धंद्यात खोट्या दाखल्याहून घातक मानतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ५ जून २०१५ रोजी मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून काढून घेण्याचा हुकूम दिला, हे खरे. शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले, असे त्यात म्हटले होते. परंतु १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. संबंधितांस बाजू मांडण्याची पुरती संधी दिली नाही आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांस कायद्याला हवी तशी मान्यता नव्हती, ही त्यामागची मुख्य कारणे. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करविली, तीत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरात माल पुन्हा विक्रीस आला. हा पदार्थ पौष्टिक आहे, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. तो प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नाही, एवढेच त्याने सांगितले. एका बलाढ्य कंपनीस जो न्याय मिळाला तो सौंसरच्या एका गृहिणीस देवळाच्या मंडपात मिळू नये काय?

आता आरोपाचे पहिले कलम : हे अन्न परके आहे. या कलमाचा विचार आपण एकादशीच्या ताटावरून करू. साबुदाण्याची खिचडी पुढे घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, आणि त्याचे मराठी नावदेखील पोर्तुगिजांच्या तोंडून आलेले. हिरवी मिरची त्याच गलबतांनी सोळाव्या शतकात आणली. गोमंतकातील आमच्या वाचकांस हा इतिहास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ज्या दिवशी आपण अधिकांत अधिक शुद्ध राहू पाहतो त्याच दिवसाचे ताट असे समुद्रापलीकडून आलेले आहे. मग ते पवित्र कशाने झाले? आपल्या आज्या-पणज्यांनी त्यास जिऱ्याची फोडणी दिली, कूट घातला आणि देवापुढे हात जोडले, त्याने झाले. परक्या वस्तूस आपल्या स्वयंपाकघरात आणून आपल्या वळणावर लावणे हाच जर धर्मभंग असेल, तर तो चारशे वर्षे चालू आहे आणि त्याचे प्रायश्चित्त घेण्यास आपण बराच उशीर केला आहे.

दुसरे कलम : लांब, गुंतलेल्या शेवयांची ही गोडी मुलांस बाहेरून लागली. हे तर मुळीच टिकत नाही. आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या पट्ट्यात काडीभोवती कणकेची बारीक वळी गुंडाळून सरगुंडे करतात आणि आंब्याच्या रसाबरोबर खातात. उन्हाळ्यात गव्हाच्या शेवया आणि कुरडया खाटांवर वाळत. मालवणाकडे तांदळाचे शिरवाळे साच्यातून पाडून नारळाच्या गोड रसात बुडवितात. कोंकणी घरांत शेवयो आणि रोस यांचा तोच जोड आहे. मुलांची जीभ परकी झालेली नाही. ती जे मागते आहे ते आपल्या घरात होतेच. आपण ते करावयाचे सोडले.

आणि येथेच खरा प्रश्न आहे, ज्यास वक्त्यांनी स्पर्श केला नाही. ते करीत कोण होते? चैत्र-वैशाखाच्या उन्हात चार घरच्या बाया एकत्र बसत, पहाटे पीठ तिंबीत, दुपारपर्यंत पाठ मोडेतो वळीत आणि संध्याकाळी पाखरे हाकीत. त्यात गाणी होती, थट्टा होती, हे सर्व खरे. पण त्यात श्रम होते आणि ते सगळे एकाच पक्षाचे होते. ज्या संस्कृतीचा ऱ्हास झाला म्हणून पुढच्या रांगेत उसासे टाकतात ती संस्कृती मागच्या रांगेच्या मनगटावर उभी होती. आज त्याच मनगटांनी दुसरी कामे पत्करली आहेत. कोणी शाळेत शिकविते, कोणी बोरगावच्या कारखान्यांत जाते, कोणी संत्र्याच्या बागेत तोडणीस जाते, कोणी गाडीने नागपूर गाठते. संध्याकाळी सहा वाजता ती घरी येते तेव्हा लेकरू भुकेले असते. त्या घटकेस घरातील पुरुष काय करीत असतो? आमच्या अनुभवाने तो चहाची वाट पाहत असतो, आणि कधी कधी आहारशुद्धीवरील व्याख्यानास जातो.

आता आम्ही प्रतिपक्षास जे देणे आहे ते देतो, कारण एकही दोष न मान्य करणारा वकील कोणास विश्वसनीय वाटत नाही. नूडल्सची वडी बहुधा मैद्याची असते आणि तळून वाळविलेली असते. तीत कोंडा नाही, प्रथिने बेताची, आणि मीठ फार. पाकिटाच्या पाठीवर सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्यास अडीचने गुणिले की मिठाचा अदमास मिळतो. म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावयास सांगते. लेकराची मर्यादा त्याहून कमी. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका पाकिटाचा, हेही नीट पाहावे, कारण दोन्ही सारखे नसतात. आणखी एक गोष्ट देवस्थानाच्या परिवारातील वाचकांनी ध्यानात घ्यावी. हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढेच. बहुतेक मसाल्यांच्या पुड्यांत कांदा-लसणाची पूड असते. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य आहे त्यांनी ठिपक्यावर न विसंबता घटकांची यादी वाचावी.

हे दोष खरे आहेत म्हणूनच घरी ते सजविण्यास आम्ही फसवणूक न म्हणता उपाय म्हणतो. अर्थात सजविण्याचेही दोन प्रकार आहेत. वरून चीज किसावयाचे, लोण्याचा गोळा टाकावयाचा, शेव पेरावयाची आणि मसाल्याची दुसरी पुडी फोडावयाची, हा प्रकार म्हणजे मीठ आणि तेल यांच्या दोषावर त्याच दोषांची पुटे चढविणे होय. त्याची वकिली आम्ही घेतलेली नाही. दुसरा प्रकार आमच्या पांढुर्ण्याच्या एका घरात पाहिला, तो लिहितो. चौघांस दोनच वड्या. त्या वेगळ्या पाण्यात शिजवून पाणी काढून टाकावयाचे, म्हणजे थोडे तेल आणि थोडे मीठ त्याबरोबर जाते. कढईत मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी. तीत वाफविलेले वाटीभर सोले, अर्धी वाटी मोडाची शिजलेली मटकी, गाजर, कोबी आणि मूठभर चिरलेला पालक. दोन वड्यांस मसाल्याची एकच पुडी, कारण बहुतांश मीठ तीतच असते. वेगळे मीठ नाही. उतरविताना दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, लिंबू आणि कोथिंबीर. कोंकणी वाचकांनी येथे घोटाळा करून घेऊ नये : तुमची सोलां म्हणजे आमसुले, आमचे सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतील हिरवे दाणे. हिवाळा सरला की सोल्यांच्या जागी मूग चालतात. एका मित्राने वर संत्रे पिळून पाहिले; तो प्रयोग आमच्या संत्र्यांच्या अभिमानासही पेलला नाही.

या ताटात आता नूडल्स किती उरले ते पाहा. निम्म्याहून अधिक भाग तूर, मटकी आणि भाजी यांचा आहे. ज्या पोराने पालकाकडे पाठ फिरविली असती ते तोच पालक शेवयांबरोबर गिळते. हा आईचा कावा आहे, आणि आयांचे कावे शास्त्राने कधी निषिद्ध मानल्याचे आमच्या वाचनात नाही.

यावर कोणी म्हणेल, अशाने पाकीट घरात रुजते. आज आठवड्यास एकदा, उद्या रोज. आक्षेप रास्त आहे आणि त्यास आमचे उत्तर असे की, रोजचे जेवण म्हणून आम्ही याचा पुरस्कार करीतच नाही. पण ज्या घरी ते आधीच रुजले आहे तेथे निंदेने काय साधते? निंदेने पाकीट कपाटातून जात नाही; ते फक्त वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या नजरेआड जाते. मग ते सजवून, भाजी घालून होत नाही. घाईने, चोरून आणि पुडीसकट होते.

आमच्या प्रांताचा इतिहासही हेच शिकवितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी राज्याची भाषा हिंदीच राहिली. आम्ही अर्ज हिंदीत लिहितो आणि घरात मराठी बोलतो. हिंदीवर बहिष्कार घालून आमची मराठी टिकलेली नाही. हिंदीसही वऱ्हाडी फोडणी देत आम्ही ती टिकविली. जी गोष्ट जिभेच्या बोलण्यास लागू ती तिच्या चवीस लागू नसावी असे का मानावे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून गोटमार खेळतात, हे जगजाहीर आहे. त्या खेळात निदान दोन्ही काठांवर हात उगारलेले असतात. देवळाच्या मंडपात मात्र गोटे एकाच बाजूने येतात. हे आम्हांस मान्य नाही.

ज्यांस सरगुंडे आणि शेवया परत याव्यात असे मनापासून वाटते, त्यांस आमची एकच सूचना आहे. येत्या वैशाखात देवळाच्या आवारात खाटा टाकाव्यात आणि पुढच्या रांगेने पीठ तिंबावयास बसावे. मागच्या रांगेने शिकवावे. आम्ही स्वतः येऊ, हे येथे लिहून देतो. तोवर हिवाळ्याच्या संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलून देण्याचे काम तरी घरच्या पुरुषांनी पत्करावे. त्यास विद्वत्ता लागत नाही, आणि वाटीभर सोले निघेपर्यंत आहारशुद्धीवर चिंतन करण्यास वेळही पुष्कळ मिळतो.