चावी कोणी दिली?

सकाळी शाळेच्या वेळी महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलच्या रस्त्याला उभे राहा आणि पाहा. नववी-दहावीतला पोरगा बापाची स्कूटर दामटीत येतो. मागे दोघे, शेवटच्याच्या पाठीवर तिघांची दप्तरे. हेल्मेट आहे, पण आरशाला लटकलेले! बापाला हटकले तर उत्तर तयार: "अहो, ती काय मोटारसायकल आहे? बिनगिअरची स्कूटी तर आहे!"

हे अज्ञान आता खपवून घेता कामा नये. 1988 चा मोटार वाहन कायदा स्कूटी, मोपेड, बुलेट असा भेद करीत नाही. दोन चाकांची मोटारगाडी ती मोटारसायकल. परवान्यापुरते वर्ग दोन, गिअरची आणि बिनगिअरची. सोळाव्या वर्षाची सवलत आहे ती 50 सीसीपर्यंतच्या गाडीपुरती, तीही पालकाच्या लेखी संमतीने परवाना काढल्यावर. 1972 साली आलेली लूना त्या मापात बसत होती. लूनाचा हिशेब धरून 110 सीसीची स्कूटर पोराच्या हाती देणारा बाप सरळ कायदा मोडतो. बॅटरीच्या गाडीला परवान्यातून सूट आहे, पण मोटार 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत असेल तरच.

2019 च्या दुरुस्तीने गुन्हेगार नुसत्या पोराला नव्हे, पालकाला किंवा गाडीच्या मालकालाही ठरवले आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. योग्यच आहे!

आम्हाला मात्र तुरुंगापेक्षा धास्ती वाटते ती पावसाळ्यातल्या वळणाची. तांबडी माती डांबरावर वाहून आलेली असते. समोरून डंपर येतो, पोरगा घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबतो आणि चाक घसरते. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून दोन्ही ब्रेक मिळून, दाब हळूहळू वाढवत, वळणात शिरण्याआधी, गाडी सरळ असतानाच लावायचे असतात. त्याला हे कोणी शिकवले? हनुवटीखालचा पट्टा न आवळलेले हेल्मेट डोके जमिनीला टेकण्याआधीच उडून जाते, हे कोणी सांगितले? बापाने चावी दिली, शिकवण दिली नाही.

"शाळेच्या वेळेला एसटी नाही" ही सबब आम्हाला ऐकवू नका. नसेल तर सारा गाव महाडच्या आगारावर जाऊन का बसत नाही? 1927 साली सार्वजनिक तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावायला ज्या महाडात हजारो माणसे उतरली, त्या तालुक्याला आपल्या लेकरांसाठी एक गाडी मागता येऊ नये?

खाडीपट्ट्यातल्या बापांनो, आज रात्री गाडीचे आरसी काढा आणि इंजिनक्षमतेपुढचा आकडा वाचा. तो पन्नासच्या वर असेल, तर पोराला अठरा पुरी होऊन परवाना मिळेपर्यंत चावी आपल्या कनवटीला ठेवा.