कोळीवाडा पाहिला म्हणजे काय पाहिले?



वरळीच्या बी. डी. डी. चाळींतून कोळीवाडा पायी गाठता येतो. तरीही तुमच्यापैकी कित्येक जण तेथे जातात ते केवळ सीफूड महोत्सवाला! तळलेला बोंबील खावा, कोळीनृत्य पाहावे, किल्ल्यापाशी छायाचित्र काढावे आणि घरी येऊन म्हणावे, "कोळ्यांची संस्कृती पाहून आलो." या समजुतीशी माझे भांडण आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात होपी नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या खेड्यांत पाहुण्यांना छायाचित्रे काढण्याची मनाई आहे. त्यांच्या पवित्र नृत्यांची पाहणाऱ्यांनी करमणूक करून टाकली होती. पुढे 1970 ते 2005 या काळात ब्लॅक मेसाच्या खाणीतील कोळसा नळातून वाहून नेण्यासाठी त्यांच्या भूमीखालचे गोड पाणी उपसले गेले. नृत्य पाहण्यास जग धावले. पाण्यासाठी किती जण धावले?

वरळीतही तेच. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटरांचे अंतर योजण्यात आले. उधाणाच्या ओढीत त्यातून नाव काढणे म्हणजे काय, हे क्लीव्हलँड बंदरावरचा कोणीही नाखवा सांगेल. कागदावर मात्र ते अंतर पुरेसे होते! (कागदाला भरती येत नाही.) मच्छीमारांनी काम अडविले, तेव्हा कोठे 2022 च्या अखेरीस 120 मीटर अंतर महापालिकेने मान्य केले. मागणी याहूनही अधिक होती.

मी वकील आहे, म्हणून तारखा सांगतो. 16 जुलै 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या मार्गाची किनारा नियमन परवानगी रद्द केली. 17 डिसेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली व काम पुन्हा सुरू झाले. समुद्रात एकदा भराव पडल्यावर अंतिम निकाल कोणाच्याही बाजूने लागो, खडकांवर कालवे वेचणाऱ्या बायांना तो खडक कोण परत देणार?

"कोळ्यांचे कोळी पाहतील," असे आपल्यातीलच काही सुशिक्षित म्हणतात. महाडच्या तळ्यावर 1927 साली पाण्याचा हक्क बजावणाऱ्यांच्या नातवंडांच्या तोंडी हे वाक्य शोभते काय?

पुढच्या रविवारी जाल तेव्हा ताटावर बसण्याआधी धक्क्यावर जा. नाव कोणत्या वाटेने बाहेर पडते, ते नाखव्याला विचारा. उत्तर लांबेल. बोंबील गार झाले तर होऊ द्या.