‘घालीन लोटांगण’ कोणाचें?

कुर्डुवाडी जंक्शनावर पंढरपूरची गाडी धरणाऱ्या वारकऱ्यापासून आपल्या देवघरांतील बाळगोपाळांपर्यंत ‘घालीन लोटांगण’ कोणास येत नाहीं? परंतु हें गीत एका हातचें नव्हे.

पहिलें कडवें मराठी, संत नामदेवांचें. शेवटीं त्यांची ‘नामा’ ही मुद्रा आहे. पुढील चार संस्कृत : दुसरें पांडवगीतेंत आढळतें, तिसरें भागवताच्या ११ व्या स्कंधांतील, चौथें शंकराचार्यांच्या नांवें चालत आलेल्या अच्युताष्टकांतील, आणि पांचवें म्हणजे कलिसंतरणोपनिषदांतील नाममंत्र.

यांतील तिसऱ्या कडव्यांत एक मौज आहे. भागवतांत कवि नांवाचा योगी निमिराजास सांगतो कीं, काया, वाचा, मन, बुद्धि यांनीं मनुष्य जें जें करील, तें त्यानें नारायणास अर्पावें. तेथील क्रियापद ‘समर्पयेत्’. आपण म्हणतों ‘समर्पयामि’. तेथें उपदेश होता, येथें त्याची प्रतिज्ञा झाली.

प्रसादाकडे डोळे लावून, टाळ्यांच्या गजरांत आपण हें कडवें भरभर उरकतों. पण ‘वाचा’ म्हणतांच, दुपारीं स्वयंपाकघरांत सुनेस वा मोलकरणीस बोललेला कठोर शब्दहि त्या अर्पणांत जातो. देवापुढें ठेवावयास लाज वाटेल असें दिवसभरांत कांहीं बोलूं नये, एवढें जरी घरांत साधलें, तरी आरती पोंचली म्हणावयाची.