टाके निघाले म्हणजे पोहायला मोकळे नव्हे



मागील अंकातील पाठीची शस्त्रक्रिया आणि पोहणे याविषयीचे पत्र वाचले. पत्रलेखकांचे पोहण्यावरचे प्रेम मला मनापासून पटते. कमरेच्या चकतीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर मीही आज पोहतो. पण ‘टाके निघाले की तलावात उतरा, कोणताही स्ट्रोक चालतो’ हा सल्ला घातक आहे.

जखम पूर्ण भरण्याआधी पाण्यात गेल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो. मणके जोडले असतील, तर हाड सांधायला कित्येक महिने लागतात. सुरुवात पाण्यात चालण्याने करावी. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा जवळपास निम्मा भार पाणीच पेलते. पुढे उताणे पोहणे बरे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये कंबर मागे वाकते. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना धडाला पीळ बसतो, तो स्नॉर्केल लावल्यास कमी होतो. आणि सूर किंवा मुटका, गावच्या विहिरीचा कितीही मोह झाला तरी, मुळीच नाही! पायात मुंग्या आल्या, बधिरपणा जाणवला, तर लगेच थांबावे.

आपले सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ठाणे